समतेचा झेब्रा आणि अध्यक्षीय भाषण

बालमित्रांनो, आफ्रिकेतल्या एका देशात एक जंगल होते. खरे तर तिथे झाडे कमी आणि गवत जास्त होते. परंतु कथेच्या सोयीसाठी आपण त्याला जंगलच म्हणू.

त्या जंगलात तातू नावाची सिंहीण राहत असे. शिकार सिंहिणी करत आणि पहिला घास बरुती महाराज घेत. बरुती महाराज म्हणजे कळपाचा सिंह. ते पोट भरेपर्यंत जेवत, मग थोडे विश्रांतीपुरते जेवत. उरलेली हाडे तातूच्या मुलीपर्यंत, पेंडोपर्यंत, पोहोचत. पेंडो आता इतकी वाळली होती, की तिची सावलीच तिच्यापेक्षा धष्टपुष्ट दिसे.

एके दिवशी उत्तरेकडून इंग्रिड मॅडम उडत आल्या. त्या करकोचीण होत्या आणि त्यांनी ‘सिंहीण समता प्रकल्प’ आणला होता.

"तळागाळातून काम करायचे आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काय हवे, ते तुम्हीच सांगा."

"पहिला घास," तातू म्हणाली. "माझ्या पोरीला."

"छान! पण ती मागणी झाली. त्याआधी जाणीवजागृती हवी."

"मॅडम, भुकेची जाणीव आम्हाला आहे हो."

"तुमची नाही, महाराजांची! आपण मेळावा घेऊ. अध्यक्षस्थानी अर्थातच महाराज."

झैनामावशी ही कळपातली सर्वांत वयस्कर सिंहीण. ती तातूच्या कानाशी लागली. "बाई गं, म्हणजे मेळाव्याच्या जेवणाची शिकारही आपणच करायची."

तसेच झाले. सिंहिणींनी एक लठ्ठ झेब्रा मारून आणला आणि बाभळीखाली ठेवला. रिवाजानुसार जेवण अध्यक्षीय भाषणानंतर होते. महाराज वारुळावर चढले. पेंडो झेब्र्याकडे पाहत राहिली. तिच्यात ओठ चाटण्याचेही त्राण उरले नव्हते.

"माता, भगिनी आणि सिंहिणींनो," महाराज म्हणाले, "समता म्हणजे काय? मला विचाराल, तर समता म्हणजे मी."

टाळ्या पडल्या. महाराजांना आपला आवाज फार आवडला. पुढच्या वाक्याला भावना अनावर होऊन त्यांचे डोळे मिटले.

तातूने ते पाहिले. तिने पेंडोची मानगूट अलगद धरली आणि ती बाभळीकडे सरकली.

"अगं, भाषण चालू आहे!" इंग्रिड मॅडम कुजबुजल्या.

"तेच तर," तातू म्हणाली, आणि पेंडोने आयुष्यातला पहिला गरम घास घेतला.

मग बाकीच्याही एकेक करून गेल्या. दाद देण्यासाठी झैनामावशी मागे थांबली. महाराज श्वास घ्यायला थांबले, की ती तोंड पुसत म्हणे, "वा! हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं!" तिचा वाटा तिला बसल्या जागी पोहोचवला जात होता.

सूर्य कलला. महाराजांनी समारोप केला आणि डोळे उघडले. बाभळीखाली एक तंगडी उरली होती.

"झेब्रा कुठे आहे?" ते गरजले.

पेंडो आईच्या पोटाखाली शिरली.

तातूने मान लववली. "महाराज, आपल्या भाषणाचा परिणाम झाला. आम्ही सर्वांनी समान वाटून घेतले. ही तंगडी आपला वाटा."

महाराजांचा पंजा हवेत थांबला. "इतक्या लवकर परिणाम?"

"ऐकता ऐकताच, महाराज."

"मनपरिवर्तन!" इंग्रिड मॅडमना हुंदका आवरेना.

महाराजांनी तंगडी उचलली आणि ती एका विचारवंताला शोभेल अशा रीतीने सावकाश खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सिंहिणींनी रानम्हैस आणली. महाराज जेवायला उठले, तोच तातू नम्रपणे पुढे झाली.

"महाराज, कालच्या विषयाची केवळ प्रस्तावनाच झाली होती."

महाराजांनी एकदा म्हशीकडे पाहिले, एकदा वारुळाकडे पाहिले, आणि घसा खाकरला.

तात्पर्य : बलवानांचे मन समतेकडे वळवण्यात वेळ दवडू नये. त्यांना समतेवर बोलायला सांगावे आणि पाने लगेच वाढावीत.