दुसऱ्या बाराची हकिकत

श्रीदेवीचे चरणी मस्तक ठेवून, चिरंजीव सौभाग्यवती कोकिळाबाई, मुक्काम राणीसावरगाव, यांस वडील चंद्रभान यांचे लिहिणे ऐसे जे. तुम्ही पत्र पाठवून पुसिले की, दसऱ्यास दुसरा बार उडाला की नाही, आणि आईचा शब्द राहिला की नाही, ते साद्यंत कळवावे. त्यास हकिकत मोठी, कार्डात मावेना, म्हणोन वहीचे कागद घेऊन बसलो. बखर लिहिणाराने मी मी करू नये. सबब माझेही नाव चंद्रभानराव असेच लिहितो. पुढे नातवंडांनी वाचावे म्हणोन बाकी मंडळींची ओळख ज्याचे त्याचे जागी दिली आहे.

तर निजामशाही बुडून चार वर्षे जाहली होती, आणि चंद्रभानराव यांची वस्ती चारठाण्यापासून आडबाजूस, वाडीबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातले घरी, आणि रानात चोरांचा बोभाटा, म्हणोन त्यांनी लायसन हासिल करून सेलूचे एका पेन्शनर जमादाराकडून जुने पिस्तूल घेतले. पिस्तूल जातीचे विलायती. मुठीत पत्र्याची पेटी, पेटीत काडतुसे एकावर एक, तळाशी स्प्रिंग. पहिले काडतूस हाताने नळीत चढवावे, ते उडाले की स्प्रिंगने दुसरे वर लोटावे आणि पिस्तुलाने ते आपले आपण नळीत घ्यावे, ऐसा करार. पुढे चोर एकही आला नाही. मग पिस्तुलास दसऱ्याची चाकरी मिळाली.

वाडीचा दस्तूर ऐसा की, शमीपूजन जाहल्यावर ओढ्याचे दरडीत दोन बार काढावे, एक देवीचा आणि एक शिवेचा. पूर्वी हा मान खालचे आळीचे माणिकराव यांचे ठासणीचे बंदुकीस होता. परंतु ती दुसऱ्यांदा भरेतो मंडळी सोने लुटून घरी पोहोचत, सबब मान पिस्तुलाकडे आला. पहिले साली दोन्ही बार चोख. दुसरे साली दुसरा बार अडखळत निघाला. तिसरे साली, म्हणजे गेल्या वर्षीचे दसऱ्यास, पहिला उडाला आणि दुसरे काडतूस नाक खाली घालून पेटीतच बसले. चंद्रभानरावांनी पिस्तूल हलविले, फुंकले, थापटले, आणि दरडीसमोर उभे राहून घाम पुसला. माणिकराव आपली बंदूक भरूनच आले होते. शिवेचा बार त्यांनी काढिला आणि सर्वांदेखत बोलिले, "चंद्रभान, तुमचं पिस्तूल एकच घास खाऊन हात धुवायलंय."

फौज हसली. तेव्हा बायकांचे घोळक्यातून बायनाबाईसाहेब, म्हणजे चंद्रभानरावांचे कुटुंब, पदर सावरून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या दसऱ्याला दोन्ही बार उडतील, भाऊजी. न्हाई उडाले तर मला येऊन इचारा."

माघात तीन दिवस ताप आला आणि बायनाबाई गेल्या. त्याचे वर्णन या कागदात करीत नाही.

शके १८७७, मन्मथनाम संवत्सर, आश्विन लागला आणि चंद्रभानरावांनी मोहीम मांडली. मसलतीस सायकली दुरुस्त करणारे बन्सीधर यांस पाचारण केले. बन्सीधर यांनी उभ्या हयातीत पिस्तूल उघडले नव्हते, परंतु सायकलीचे फ्रीव्हील उघडले होते, आणि त्या बळावर त्यांनी पहिला निवाडा दिला की, फितुरी काडतुसांची आहे. मग परभणीहून नवी काडतुसे आणिली आणि दरडीसमोर चालून गेले. पहिले उडाले, दुसरे अडले. शिकस्त. मग दुसरा निवाडा ऐसा की, काडतूस नळीत चढते तो उतार खडबडीत आहे. मग राख आणि कापड घेऊन दोघांनी तो उतार घासला आणि ऐसा चकचकीत केला की बन्सीधर यांनी त्यात आपली मिशी पाहिली. दुसरे अडले. मिशी व्यर्थ गेली.

तिसरे मसलतीस माणिकराव न बोलावता आले. हातात तंबाखू, मुखावर संतोष. मौजेने विचारते जाहले की, यंदा बंदूक घरूनच भरून आणू, की तिथे येऊन भरू. चंद्रभानरावांनी पिस्तूल बन्सीधरांपुढे सरकविले. नवमीची दुपार जाहली होती आणि मोहिमेस एकच दिवस उरला होता.

मग बन्सीधर यांनी फर्माविले की, आता पेटीच फोडावी, स्प्रिंग मेली असेल. पेटीचे बूड सरकेना. घासलेटात बुडवून ठेविले, दोन घटका वाट पाहिली, आणि स्क्रूपान्याने रेटा देताच बूड निसटले, आणि मेलेली म्हटलेली स्प्रिंग उसळून बन्सीधर यांचे टोपीवरून जी गेली ती दिसेनाशी जाहली. मग सर्व फौज कडब्यात उतरली. माणिकरावही तंबाखू टाकून गुडघ्यांवर आले, कारण लढाईवाचून जिंकणे त्यांसही गोड लागेना. अखेर चंद्रभानरावांची बहीण तानुबाई हिने म्हशीचे गव्हाणीतून स्प्रिंग काढून दिली आणि बोलली, "म्हशीनं हुंगून सोडली. तिला बी न्हाई लागली गोड."

स्प्रिंग धडधाकट निघाली. मग फितूर कोण, म्हणोन बन्सीधर यांनी पेटी कागदावर उपडी करून ठोकली. आत पिवळा चिकट राळेसारखा लेप होता, आणि त्या लेपात चिकटलेले तांदळाचे तीन दाणे पडले. दाणे कुंकवाने लाल.

उलगडा सर्वांस एकदम जाहला. बायनाबाई दर दसऱ्यास सकाळी विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ पुजीत, आणि पिस्तूलही पुजीत. प्रत्येक हत्याराचे धारेवर अक्षता वाहाव्या. पिस्तुलास धार नाही, सबब त्या पेटीचे तोंडात दाणा टाकीत, आणि कोरडे राहू नये म्हणोन वरून करडईचे तेल सोडीत. करडईचे तेल सुकले की डिंक होते. तीन दसरे, तीन दाणे. ज्या बाराची त्यांनी जबान दिली, तो त्यांचेच हाताने अडला होता.

माणिकरावांनी कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "वैनी लय नेमाच्या व्हत्या." आणि स्वतः चिंधी घेऊन घासलेटात पेटी पुसावयास बसले. चंद्रभानरावांनी तीन दाणे उचलून बंडीचे खिशात घातले.

दशमीस सायंकाळी शमीपूजन जाहले. सकाळी तानुबाईने पिस्तुलाचे मुठीस कुंकू लाविले होते. आत काही जाऊ नये असा हुकूम होता. चंद्रभानराव दरडीसमोर उभे राहिले. पहिला बार काढिला, देवीचा. बायकांचा घोळका होता तिकडे त्यांनी पाहिले नाही. मग चाप ओढिला आणि दुसरा बार, शिवेचा, ऐसा कडाडला की ओढ्यापलीकडचे बगळे उठले. बन्सीधर यांनी टोपी उडविली. माणिकराव यांची बंदूक यंदा खांद्यावर होती, परंतु भरलेली नव्हती, त्यांनी पुढे होऊन पहिले सोने चंद्रभानरावांचे हाती दिले आणि म्हणाले, "इचारायचं काम ऱ्हायलं न्हाई."

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध दशमीस, वाडीचे शिवेवर, दुसरा बार फत्ते जाहला आणि कैलासवासी बायनाबाई यांचा शब्द पुरा जाहला, हे नमूद केले असे.

एक गोष्ट राहिली. घरी आल्यावर चंद्रभानरावांनी पिस्तूल रिकामे करून पाटावर ठेविले आणि खिशातला एक दाणा परत पेटीचे तोंडात टाकिला. पुढला दस्तूर ऐसा ठरविला आहे की, दाणा बार उडाल्यावर टाकावा, आधी नाही, आणि पुढले नवमीस घासलेटाने पेटी धुवावी. धुण्याचे काम माझे. दाणे दोन उरले आहेत. पुढल्या दसऱ्याला तू ये, कोकिळा. दुसरा तुझ्या हाताने टाक.