हमीदभाईंचा बेकायदा गरुड

नारायण पेठेतील हमीदभाई शिंप्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला नावाने हाक मारण्याची प्रथा नाही. "अहो रावण, श्वास सोडा, कंबर खोटी येतेय," असे ते एका बँक मॅनेजरला बजावत असताना मी त्यांना प्रथम पाहिले. दारावर पाटी होती : 'येथे फक्त सिनेमातले पोशाख शिवले जातात. साध्या माणसांनी शेजारी जावे.'

सिनेमाही ते गळ्यात टेप अडकवून, पहिल्या रांगेत बसून पाहत. गोष्ट मात्र त्यांना कधीच सांगता येत नसे. "शेजारची बाई रडत म्हणाली, अहो, नायिका मेली! मी म्हटलं, मेली ते ठीक, पण घागऱ्याची शिवण तिरकी आहे."

शाळांची संमेलने जवळ आली, की उडणाऱ्या नायकाच्या पोशाखांनी त्यांचे दुकान भरून जाई. त्या नायकाच्या छातीवर सोनेरी गरुड होता. तो गरुड सिनेमा कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क असून परवान्याविना तो शिवल्यास दुकानास कुलूप लागेल, अशी नोटीस आली, तेव्हा हमीदभाई साहजिकच माझ्याकडे आले.

मी कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. शाळा नववीत सुटली. तथापि माझ्या 'उपरोक्त' आणि 'सबब' या शब्दांना भले भले साहेब वचकून असतात. मोबदला म्हणून हमीदभाईंनी मला काळा कोट शिवून दिला. साधा कोट ते शिवत नसल्यामुळे तो सिनेमातल्या वकिलाचा होता. मी लगेच 'वकीलसाहेब' झालो.

उत्तर मी असे रचले : 'सदर पोशाखाचे मूळ पोशाखाशी यत्किंचितही साम्य नाही.'

"यत्किंचित म्हणजे?"

"जराही."

"म्हणजे मला शिवता येत नाही, असं लिहून देताय तुम्ही?"

"हमीदभाई, दुकान हवंय ना? मग कंपनीच्या वकिलापुढे तोंड उघडायचं नाही."

कंपनीच्या वकीलबाईंसमोर मी नवा कोट घालून बसलो. उत्तर वाचून त्यांनी पोशाख उलटसुलट केला आणि हसल्या. "बरोबर आहे तुमचं. हा गरुड कसला, कोंबडी आहे! यात कोण फसणार? पाटीवरून सिनेमा हा शब्द काढा, काका, मिटवून टाकू."

मी कृतार्थ मुद्रेने उठू लागलो. हमीदभाई मात्र उठेनात.

"कोंबडी?"

मी त्यांचा पाय दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला, गळ्यातला टेप काढला आणि बाईंच्या टेबलावरच्या मूळ पोशाखाच्या फोटोशेजारी आपला पोशाख पसरला. "हा पंख बघा. ही चोच. ही खांद्यावरची चुणी. दाखवा फरक! तुमच्या हिरोला हाच चढवा, त्याच्या आईलाही कळणार नाही."

"लिहून घेऊ का?"

"घ्या! सही करतो."

केली. आता एकतर परवाना घ्या, नाहीतर गरुड सोडा, असे बाईंनी सुनावले. परवान्याची रक्कम एवढी होती, की दुकान विकूनही भागली नसती. सबब दुकान राहिले, पण गरुड कायमचे बंद झाले. तयार माल कंपनीच्या स्वाधीन करायचे ठरले. या साऱ्या वेळात माझ्या तोंडून एकही 'उपरोक्त' निघाला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी पोशाख बांधताना अस्तराखाली माझ्या बोटांना एक छोटा चोरखिसा लागला. प्रत्येक पोशाखात तो होता.

"हा मूळ पोशाखात आहे?"

"नाही."

"अहो, हाच तर फरक! काल का नाही सांगितलंत?"

"तो पोरांचा आहे. कंपनीचा काय संबंध?" हमीदभाई सुतळी आवळत राहिले. मग म्हणाले, "आमची शबाना संमेलनात परी झाली होती. स्टेजवर गेली आणि हात कुठे ठेवावे कळेना. मला शोधत होती. मी मागे उभा. डोळ्यांवर उजेड, तिला काही दिसलो नाही. तेव्हापासून आत एक खिसा शिवतो, खडीसाखर टाकतो. हाताला काही लागलं, की पोरगं उभं राहतं."

"आता कुठे असते शबाना?"

"सासरी, लांब. आता गर्दीत मला कोण शोधतंय, वकीलसाहेब!"

संध्याकाळी घरी कोट खुंटीला अडकवताना मी सहज अस्तर चाचपले. डाव्या बाजूला खिसा होता. आत खडीसाखरेचा खडा होता.

मी तो खाल्ला नाही. सकाळी मला मोठ्या साहेबांपुढे उभे राहायचे होते.