लिब्रादोच्या खिशातली किल्ली

पुंता कारमेलो या डॉमिनिकन कोळीगावात मंगळवारी सकाळी आठ वाजता वीजवाहिनी नियमानुसार बंद करण्यात आली. तारेवर नारळाची झावळी पडली होती. लाइनमन लिब्रादोने खांबावरचा स्विच बंद केला, खालच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घातलं, लाल पाटी अडकवली आणि वर चढून झावळी काढली. कलम चौदा स्पष्ट आहे : ज्याने कुलूप लावलं, त्यानेच काढायचं. त्यामुळे तारेवरच्या माणसाचा कोळसा होत नाही.

तो खाली उतरला तेव्हा सव्वानऊ झाले होते. तो वर असतानाच, नऊ वाजता, त्याला सुरक्षा अधिकारीपदी बढती मिळाली होती. कलम पंधरा : अधिकाऱ्याने स्विचला हात लावू नये.

समोरच्या शीतगृहात त्याच्या सासूची, एर्सिलियाबाईंची, तीनशे किलो मासळी होती.

"जावईबापू, बर्फ वितळतोय! उघडा ते कुलूप."

"सासूबाई, कुलूप लाइनमनने लावलंय. तो आता नाही."

"मग गेला कुठे मेला?"

"बढतीवर."

मुख्य कार्यालयाने लिब्रादोला तासभर पुन्हा लाइनमन करण्याचा प्रस्ताव काढला. तो सुरक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे लिब्रादोच्याच, शेऱ्यासाठी आला. त्याने निःपक्षपातीपणे लिहिलं : "कर्मचारी निर्दोष. पदावनती अन्यायकारक."

दुपारपर्यंत गावात कुणालाही शॉक बसला नाही. प्रांतातली सर्वांत सुरक्षित वाहिनी म्हणून तिचा गौरव करायला संचालक बँडबाजासह आले आणि त्यांनी थंड बियर मागितली.

"थंड?" एर्सिलियाबाई म्हणाल्या. "साहेब, आणखी तासाभरात मासेसुद्धा उकडलेले मिळतील!"

त्यांनी सरळ जावयाच्या खिशात हात घालून किल्ली काढली. लिब्रादो अधिकाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने आकाश पाहू लागला.

"तारेवर कुणी आहे का रे?" बाईंनी गावाला विचारलं.

"कुणी नाही!" गाव ओरडलं.

बाईंनी कुलूप काढून दांडा ढकलला. "आली! आली!" बँडने मेरेंगे नाचाचा ठेका धरला, पाद्री नाचले, मासळी वाचली. तासाभराने संचालकांनी तीन थंड बाटल्या संपवल्या आणि चौकशी सुरू केली.

"कुलूप कुणी काढलं?"

"कुठलं कुलूप?" गावाने विचारलं.

वाहिनी अद्याप बंदच असल्याच्या अहवालावर सर्वांनी सह्या केल्या. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता, म्हणून संचालकांनी त्यावर चौथी बाटली ठेवली.

हसू नका. तुम्ही हे ज्या दिव्याखाली वाचताय, तो कुणाच्या लेखी परवानगीने लावलात? आत्ता दारावर कुणी चौकशीला आलं, तर तुम्ही पटकन बटण बंद कराल आणि अंधारातूनच विचाराल, "कुठला दिवा?"