आधी टेस्टर, मग चहा

शिंदेकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी त्यांच्या फ्रीजला टेस्टर लावायचे. टेस्टरमधला दिवा लागला नाही, तरच खुर्चीत टेकायचे. "आधी टेस्टर, मग चहा." एकदा मुलाकडच्यांबरोबर मुलगी बघायला गेले, तर सगळे पोहे खाताना काका वॉशिंग मशीनमागे. बाहेर येऊन म्हणाले, "मुलगी चांगली हाय. पण मशीनला करंट उतरायलाय." लग्न जमलं. त्याआधी अर्थिंग झालं.

तळवड्याला ते आमच्या समोरच राहायचे. मूळचे बीडकडचे, कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले.

मी तेव्हा घरून काम करायचे. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या यायच्या. मी कुणाला बोलले नाही. बोलायचं तर मला आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि तोवर विषय बदललेला असतो. मनगटाखाली वही ठेवून दोन महिने काढले.

एक दिवस काका डब्यात कढीपत्ता घेऊन आले. फ्रीजकडे निघालेले, वाटेत वही दिसली.

"ही कशाला?"

"थोडं... झिणझिणतं."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

ते रागावले नाहीत. वही उचलून बाजूला ठेवली.

मग पिशवीतून त्यांचा टेस्ट लॅम्प निघाला. होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत घातल्या, बल्ब लख्ख. त्यातली एक काढून वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात घातली, तर नुसता लालसर.

"तार हाय, पण जमीन धरंना," म्हणत ते मागच्या अंगणात गेले. अर्थिंगचा पाइप होता तिथे पप्पांनी हौसेने फरशा बसवल्या होत्या.

"साहेब, तुमी अर्थिंगच पुरलं की."

"पाणी साचायचं हो तिथं," पप्पा म्हणाले.

"साचू द्यायचं. त्याला ओल लागती."

फरशी निघाली. पाइपाभोवती कोळसा, मीठ, वर दोन बादल्या पाणी. पुन्हा लावल्यावर बल्ब लख्ख.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेले. त्यांच्या फ्रीजसमोर निळ्या पट्ट्यांच्या बायकी रबरी चपला होत्या. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी बघतेय हे काकांनी बघितलं.

"तुझी काकू म्हणायची, फ्रीज चावतो. मी म्हणायचो, चप्पल घालत जा. कंपनीत अख्ख्या शेडचं अर्थिंग माझ्याकडं, अन् घरी येईस्तोवर ओव्हरटाइमनं जीव जायचा. तिनं घातल्या चपला. परत कधी म्हणलीच नाही." माझ्या हातातला डबा घेत म्हणाले, "तापानं गेली ती. करंटनं नाही. अर्थिंग मी नंतर केलं."

गेल्या वर्षी मी मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले. इथे काहीच झिणझिणत नाही. तरी पहिल्याच रविवारी काकांना फोन केला. वाक्य आधीच जुळवून ठेवलं होतं. "काका, फ्रीज जरा चावतोय."

दोन बस बदलून आले. टेस्टर लावला, मग सॉकेटमध्ये बल्ब. लख्ख. त्यांनी फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "टाक आता चहा."