दर्याची ओळखीची खूण

आमच्या गावच्या समुद्राला दर दहा वर्षांनी ग्रामपंचायतीत येऊन आपली ओळख पटवावी लागते, आणि या वर्षी ती पटली नाही.

येतं ते फक्त वरचं पाणी. खालचं पाणी थंड आणि जड असल्यामुळे त्याला पायऱ्या चढवत नाहीत. शिवाय माणसांशी त्याचा संबंधही येत नाही. मंगळवारी सकाळी वरचं पाणी आलं, बाकावर बसलं आणि आपला नंबर येईपर्यंत शांत राहिलं. लोकांनी चपला उचलून खिडकीत ठेवल्या. सरपंच धुरीकाकूंनी पंखा बंद केला, कारण वाऱ्याने त्याच्या अंगावर लाटा उठत होत्या आणि टेबलावरचे कागद भिजत होते.

तपासणीसाठी तालुक्याहून पाठारे साहेब आले होते. त्यांनी थर्मामीटर बुडवला, मीठ मोजायचं यंत्र बुडवलं, जुनी नोंद पाहिली आणि दोन्ही पुन्हा बुडवली.

"जुळत नाही," ते म्हणाले. "नोंदीतला समुद्र तुमच्यापेक्षा थंड आहे. खारटही कमी आहे."

"तो मीच," समुद्र म्हणाला. "माका कळलांच नाय. जरा जरा करून झालां."

"मागच्या वेळी फरक चालण्यासारखा होता. आता चालत नाही."

अशा गोष्टी होतात. मागच्या वर्षी निवृत्त मास्तर परबतात्यांचा अंगठा झिजल्यामुळे पेन्शनच्या यंत्राला जुळला नव्हता, आणि तात्या समोर उभे राहून भांडत असताना त्यांना ते हयात नसल्याचं सांगण्यात आलं होतं. पण तात्यांना गाव सोडावं लागलं नाही. ओळख न पटलेलं पाणी मात्र नियमाप्रमाणे किनाऱ्यावर ठेवता येत नाही. त्याला संध्याकाळी पाचच्या आत निघावं लागलं असतं.

"साहेबांनू, आमचो दर्या आमी वळखूचो नाय, तर कोण वळखतलो?" होडीवाले बाबलकाका ओरडले.

"साक्षीदार चालेल," साहेब म्हणाले. "पण ज्याचा यांच्यापासून काही फायदा नाही असा हवा."

बाबलकाका बाद झाले, कारण त्यांच्या दोन होड्या होत्या. धुरीकाकूंच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने जात. बर्फवाला बाद झाला. पोस्टमन पुढे आला, तेव्हा साहेबांनी त्याला नीट पाहून विचारलं, "बांगडा खाता?"

"खातो."

"मग फायदा आहे. पुढचा."

पुढचा कोणी नव्हता. तेव्हा बाबलकाकांनी कपाळावर हात मारला. "अरे, ती आपली दूधभात आसा नाय!"

दूधभात म्हणजे मी. मासे खाल्ले की माझे ओठ सुजतात. माझे वडील शिंपी आहेत, त्यामुळे आमचं पोटही समुद्रावर नाही. आमच्या गावात संध्याकाळी घराघरांतली माणसं खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून जेवतात. मी आत जेवते, कारण रस्त्याने जाणारा प्रत्येक जण माझ्या ताटात डोकावून तेच नाव घेतो.

मला नववीच्या वर्गातून बोलावून आणलं. साहेबांनी विचारलं, "यांना ओळखतेस?"

"हो."

"मोठ्याने."

"हो."

"कधीपासून?"

"चालायला लागल्यापासून."

"अंगावरची खूण सांग. तीळ, व्रण, असं काही."

समुद्र खाली फरशीकडे पाहत होता. त्याच्या अंगावर कोणतीच खूण टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी रोज शाळेतून येताना त्याच्यात घोटाभर पाण्यात उभी राहते, कारण तिथे काही बोलावं लागत नाही. तिथे मी काय पाहते ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"परत जाताना तो टाचेखालची वाळू आधी काढतो," मी म्हणाले. "मग मधली. बोटांखालची शेवटी."

"ते सगळेच समुद्र करतात."

"आमचा उजव्या टाचेपासून सुरू करतो. तो येतो डावीकडून आणि फिरतो उजवीकडे. घाईत असला तरी."

बाबलकाकांनी शेजारच्याला विचारलं, "खरां?" शेजारच्याला माहीत नव्हतं.

"तपासावं लागेल," साहेब म्हणाले.

दोन घमेली वाळू आणून टेबलापुढे पसरली. साहेबांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत ठेवले, पँट दुमडली आणि वाळूवर उभे राहिले. समुद्र बाकावरून उठला. त्यांच्या पावलांवरून डावीकडून आला, थांबला आणि उजवीकडून मागे फिरला.

साहेब उजवीकडे कलले. त्यांनी टेबल धरलं.

"उजवी," ते म्हणाले. "पुन्हा."

पुन्हाही उजवीच. मग त्यांनी तिसऱ्यांदा करायला सांगितलं. ते कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

ओल्या पायांनीच खुर्चीत बसून त्यांनी नवी नोंद मोठ्याने वाचत लिहिली. "तापमान, वाढलेले. खारटपणा, वाढलेला. खूण, उजव्या टाचेखालची वाळू आधी काढतो. इसम तोच."

मग कागद माझ्याकडे फिरवून त्यांनी पेन दिलं. सगळे वाकून पाहू लागले.

"सरका रे, तिका उजेड दिया," बाबलकाका म्हणाले. "मैथिली, नाव नीट लिव गे."

मी पूर्ण नाव लिहिलं. मैथिली सदानंद कुबल. अक्षर चांगलं आलं.

समुद्र पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर तो माझ्यासाठी थांबला.

"मी खराच बदललंय?" त्याने विचारलं.

"होय," मी म्हणाले. "गरम झालंस. खारट पण."

त्याने स्वतःकडे वाकून पाहिलं.

"टाचेचां तेवढां सोडू नको," मी म्हणाले. "पुढच्या वेळेक मी येतलंय."

पाच वाजायच्या आत तो आपल्या जागी जाऊन पोचला, आणि आडव्या पडलेल्या होड्या उठून बसल्या.

संध्याकाळी आईने दूधभात वाढला. मी ताट घेऊन खळ्यात आले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. बाबलकाका बांगड्यांची टोपली घेऊन समोरून गेले. त्यांनी ताटात पाहिलं. मी ताट झाकलं नाही.