कोपऱ्यातल्या बाईचं पुसा

चित्र काढण्याआधी सेतुराव भिंतीला कान लावायचे. चांगली दहा मिनिटं. डोळे मिटलेले, एक तळहात भिंतीवर, दुसऱ्या हातात नारळाच्या करवंटीचा कोळसा. मग मान हलवून म्हणायचे, "सरी. भिंतीला पुसून घेतलं."

मी चेन्नईच्या एका संग्रहालयात कार्यालय अधीक्षक आहे. मूळचा साताऱ्याचा, बावीस वर्षं इथे. स्वभाव असा की शेजारी वारला तरी चौथ्या दिवशी कळावं. सेतुरावांबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही, कारण त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझंही सांगावं लागतं. आज सांगून टाकतो.

सेतुराव तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या घरातले, त्यामुळे त्यांची मराठीही तितकीच जुनी, वर तमिळ हेल. गिंडीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांचे आराखडे काढले आणि निवृत्तीनंतर अचानक माणसं काढायला लागले. आमच्या संचालक मॅडमनी त्यांना दोन महिने मूर्तींचं एक अख्खं दालन दिलं. अट एकच, प्रेक्षकांसमोर काम करायचं. प्रदर्शन संपलं की भिंतीवर पांढरा रंग.

"सरी" म्हणजे तमिळमधलं "ठीक", ते कळलं; "भिंतीला पुसून" हे मला जरा खटकलं. "भिंत पुसून" म्हणायला हवं. पण ते तंजावरी व्याकरण असेल म्हणून मी सोडून दिलं आणि भांडारातून त्यांना रोज एक पिवळं फडकं द्यायला लागलो. ते फडकं घेत, दोन्ही हातांनी नमस्कार करत आणि त्याने कपाळावरचा घाम टिपत. भिंतीला कधी लावलं नाही.

आणि काम काय करायचे हो! प्रेक्षक मूर्ती बघत, सेतुराव प्रेक्षकांच्या पाठी बघत. "तोंड लबाडी करतें, कुलकर्णीसार. पाठीला लबाडी येत नाहीं." ओळंबा सोडायचा, एक उभी रेघ, एक खांद्याची, तिसरी कमरेची, आणि भिंतीवर पुरुषभर उंचीचा जिवंत माणूस. मी फायली टाकून तिथे उभा राहायला लागलो. पुढची रेघ कुठे पडणार या विचाराने छातीत धडधड व्हायची. ऑडिटलाही एवढी होत नाही.

"हा शोळिंगनल्लूरचा. कंप्यूटरवाला," ते एका पाठीकडे बोट करून म्हणाले. "मान बघां. तो कंप्यूटर सोडून आला, कंप्यूटर त्याला सोडत नाहीं."

एक दिवस नवव्या पाठीपाशी मी थबकलो. खांदे आत ओढलेले, हात मागे घट्ट बांधलेले. शर्टाची शिवण उसवलेली. ती पाठ माझी होती. मी हात पुढे घेतले आणि शिवण चाचपली. सेतुरावांनी वाट पाहिली, मग म्हणाले, "तुम्ही कधीं काहीं पुसत नाहीं, कुलकर्णीसार."

मला लागलं ते. झाडलोट माझं काम नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या देखत मी माझं टेबल, खुर्ची आणि टेलिफोन पुसला. ते गोंधळून बघत राहिले.

अकरा पाठी झाल्या. बारावी आकृती त्यांनी खिडकीजवळच्या कोपऱ्यात काढली. बसलेली बाई. आणि तिला तोंड होतं. सबंध भिंतीवर ती एकटीच आपल्याकडे बघत होती, ओठ किंचित उघडे, आत्ता काहीतरी म्हणेल असे. तिच्यावर त्यांनी आठ दिवस घालवले. मला वाटलं, हात चुकला असावा.

उद्घाटनाच्या आधी सेतुराव दोन दिवस तंजावरला गेले. माझ्या टेबलावर मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती: "सोमवारीं येतों. कोपऱ्यांतल्या बाईचं तेवढं पुसा."

पुसलं. शिपायाला सांगितलं नाही, कलाकाराचं काम म्हणून स्वतः बसलो. ओलं फडकं, मग कोरडं, मग खोडरबर. ओठ जायला फार वेळ लागला.

सोमवारी सेतुराव आले आणि कोपऱ्यासमोर उभे राहिले. मॅडमनी विचारलं, "इथे काहीतरी होतं ना?"

"होतं," ते म्हणाले. "सरी. राहूं दे."

संध्याकाळी उद्घाटनाला पाहुण्यांनी त्या कोऱ्या कोपऱ्याचं भयंकर कौतुक केलं. एका समीक्षकाने तिथे सोळा मिनिटं उभं राहून डोळे टिपले. मला बरं वाटलं, त्यात माझाही हात होता.

तेवढ्यात सेतुरावांची थोरली बहीण धापा टाकत आली. "बस चुकीची घेतली रे. वाट पुसत पुसत आलें."

माझ्या हातातली कॉफी माझ्या पायावर सांडली. वाट कुणी फडक्याने पुसत नाही. यांच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं.

भिंतीला विचारून घेतलं. तुम्ही कधी काही विचारत नाही. कोपऱ्यातल्या बाईचं तेवढं विचारा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सहा आठवडे सांगितलं नाही. सेतुराव रोज यायचे, मला नमस्कार करायचे, आणि मी फायलीत डोकं घालायचो. शेवटच्या दिवशी रंगारी सकाळीच बादल्या घेऊन आला. सेतुराव कोपऱ्यासमोर जमिनीवर बसले होते. आता भिंतही जाणार होती. मी जाऊन शेजारी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, फडकं, चिठ्ठी, खोडरबर.

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते. "मग टेबल? टेलिफोन?"

"तोही त्यामुळेच."

"अय्यो," ते म्हणाले आणि डोळे पुसले. आमच्या अर्थाने. "मला वाटलं, तुम्ही चिठ्ठी वाचली आणि उत्तर दिलं. नको, सांगूं नका, असं."

मी खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मी एखाद्याला विचारलं, "कोण होत्या त्या?"

"बायको," सेतुराव म्हणाले. "तिरुवल्लिकेणीस एक खोली, नऊ माणसं. दोघांनी बोलायचं कुठें? आइतवारीं इथें यायचों. मूर्ती बघितल्या नाहींत कधीं. त्या खिडकीखालीं बसून ती बोलायची, मी ऐकायचों. ती गेली, आतां घरांत मुलं तमिळ, नातवंडं इंग्लिश. चार वर्षं झालीं, तिचं मराठींत कोणी पुसलं नाहीं."

"काय बोलायच्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरंच विचारतो आहे का ते बघायला. मग मांडी नीट घातली आणि सांगायला लागले.

रंगारी बादली घेऊन कोपऱ्याशी आला. मी त्याला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायला सांगितलं.