केळ्याची नाडी

रस्ता तुम्ही खोदलात. नारळ तुम्ही फोडलात, पाटीवर नाव तुमचं, तेव्हा खड्डेही तुमचेच. वटार गावच्या गंगारामचा आकाशपाळणा बुडवलात तोही तुम्हीच. मान हलवू नका. आधी सगळं ऐकून घ्या.

गंगाराम बागायतीतला माणूस. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल. साठी उलटली तरी घड स्वतःच्या खांद्यावरून आणायचा. भाद्रपदात असाच एक घड आणताना छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, आणि तो केळीच्या बुंध्याला पाठ टेकून खाली बसला. मुलगा मितेश आणि सून नेत्रा यांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सालोमीबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "झटका नाही आला, काका. झटक्याने आधी निरोप पाठवलाय. ऐका आणि शहाणे व्हा."

दवाखान्याच्या खिडकीतून दोन मोठे फलक दिसायचे. एकावर तुम्ही होतात, वाढदिवसाचे, हात जोडून. दुसऱ्यावर कुठल्याशा मनोरंजन पार्कातला आकाशपाळणा होता, अर्धा ढगात गेलेला. गंगारामने तुमच्याकडे बघितलंही नाही. औषधाची गुंगी होती. सलाईनचा एक थेंब पडला की पाळणा जरासा फिरायचा. पुन्हा थेंब, पुन्हा जरासा. मग पलंगच सुटला आणि गंगाराम अलगद वर निघाला. खाली वटार पसरलं होतं. वारा केळीची पानं उलटी करत होता आणि अख्खी बाग हिरव्याची चंदेरी होत होती. विहिरीत आभाळाचा तुकडा पडला होता. अंगणात त्याची बायको, बोटाएवढी यशोदा, सुकेळी म्हणजे उन्हात वाळवायची केळी पसरत होती, आणि पलीकडे समुद्र नुसता श्वास घेत होता. आवाज कसलाच नाही. आपण मेलो, असं त्याला वाटलं. आणि त्याचं काहीच वाईट वाटत नाही, हे लक्षात आल्यावर मात्र तो दचकून जागा झाला.

घरी आल्यावर त्याने पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं, "मला त्या पाळण्यात बसायचंय. एकदा, जिवंतपणी."

यशोदाच्या हातातला डाव आमटीतच राहिला. "यमाच्या उंबऱ्यावरून परत आलात ना? आता काय, बाहेरून वर चढून त्याच्या खिडकीत डोकवायचंय?"

"अगो, हळू फिरतो तो पाळणा."

"मला नका सांगू पाळण्याचं! लग्नाच्या पहिल्या वर्षी निर्मळच्या जत्रेत मी एकटी बसलेले पाळण्यात. तुम्ही खाली उभे राहून सुकेळी खात होतात. तेव्हा भीती, आणि आता छाती बिघडल्यावर हौस?"

गंगाराम ताटातल्या भाताकडे बघत हळूच म्हणाला, "तेव्हा वाटलेलं, पुढच्या वर्षी बसू."

शेवटी मितेशनेच तोडगा काढला. त्याने बापासाठी नाडी मोजणारं घड्याळ आणलं. ठोके वाढले की ते किंचाळणार, आणि तीच किंकाळी मितेश आणि नेत्राच्या मोबाईलवरही उठणार. सालोमीबाईंनीही मान डोलावली. "जत्रेसाठी सुकेळी करताय ना? ती वाळून होईपर्यंत घड्याळ हातात ठेवा. ठोका शांत राहिला, तर जा. नाही राहिला, तर पाळण्याचं नाव काढायचं नाही."

यशोदाने अट कबूल केली. हा माणूस दिवसभर चिडत असतो. दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही, अशी तिची खात्री होती.

आता, केळीच्या कामात चीक लागतो. चिकाचा डाग कपड्यावर पडला की कपडा फाटतो पण डाग जात नाही. मुलाने हौसेने आणलेलं घड्याळ गंगाराम चिकात कसा घालणार? खिशात ठेवलं तर वाकताना पडणार, कट्ट्यावर ठेवलं तर कोंबडी चोच मारणार. म्हणून सकाळी सुकेळीच्या मांडवात कामाला बसताना त्याने ते काढलं आणि डोळ्यांसमोर टांगलेल्या राजेळीच्या घडातल्या एका दांडग्या केळ्याला बांधून टाकलं. राजेळी केळं म्हणजे चांगलं मनगटाएवढं. पट्टा अगदी बेतशीर बसला. जेवायला जाताना घड्याळ पुन्हा हातात. हातातून काढलं की ते झोपत असेल, अशी त्याची सरळ समजूत.

घड्याळ झोपलं नाही. त्या घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा असतो. तो कातडीतून उजेड आत सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून ठोका ठरवतो. केळ्याची साल पुरेशी कातडीसारखी निघाली. घड्याळाला केळ्यात नाडी सापडली, आणि काय नाडी होती ती! ना घाई, ना राग, ना संसार.

दुपारी मितेशचा ऑफिसातून फोन. "पप्पा, योगा करताय काय?"

"बकरी हाकलतोय रिक्षावाल्या धर्माची! चाफा खाल्लान मेलीने सगळा!"

"आणि तरी एवढा शांत ठोका? पप्पा, तुम्ही तर एकदम साधू निघालात, यार!"

आठवडाभर हेच. मांडवात बसून गंगारामने यशोदाशी घड कापण्यावरून कडाक्याचं भांडण केलं, तेव्हाही केळं डगमगलं नाही. संध्याकाळी नेत्राने कौतुकाने मोबाईलवर तो आलेख दाखवला, तशी यशोदा पदराने डोळे पुसायला लागली.

"आई, चांगलं आहे ना हे? रडताय काय?"

"एवढी वर्षं मी ह्यांच्याशी घसा फोडून भांडतेय, नेत्रा. मला वाटायचं, आतपर्यंत पोचतंय. ह्यांचा तर एक ठोकासुद्धा चुकत नाही गो!"

गंगारामलाही ते लागलं. खरं तर त्या भांडणात त्याची छाती चांगली धडधडली होती. पण घड्याळ एवढं शिकलेलं, त्याला खोटं कसं म्हणायचं?

सुकेळी मधासारखी तांबूस झाली. सालोमीबाईंनी मोबाईलवरचा आलेख पाहिला. "काका, असं हृदय मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. खुशाल जा. उलटं टांगणारे खेळ सोडा, पाळण्यात बसा."

पार्काकडे निघायच्या दिवशी सकाळी मितेश नाक्यावर धर्माची रिक्षा आणायला गेला. गंगारामने सवयीने घड्याळ केळ्याला बांधून मांडव आवरला आणि तो ओटीवरच्या झोपाळ्यावर येऊन बसला. डोळे मिटले. पायाने हलकेच रेटा दिला. पाळण्यात पोटात गोळा येतो म्हणतात, त्याची आधी सवय केलेली बरी. झोपाळा कुरकुरला, चाफ्याचा वास आला, आणि गंगाराम हसतमुखाने ढगात निघाला.

त्याच वेळी वाटेत खायला केळी हवीत म्हणून यशोदाने घाईत त्या घडाची एक फणी कापली आणि चीक धुवायला बादलीत बुडवली. तीच फणी. पाण्यात घड्याळाची नाडी आधी फडफडली, मग गेली.

नाक्यावर मितेशचा मोबाईल किंचाळला. ठोका सापडत नाही! धर्माने रिक्षा अशी आणली की कोंबड्या झाडावर चढल्या. मितेशने ओटीवर पाहिलं: बापाचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर शांत हसू, झोपाळा आपोआप हलतोय.

"पप्पा गेले!"

"कुठे?" गंगारामने डोळे उघडले.

"बोलू नका! ताकद वाचवा! धर्मा, पाय धर!"

"अरे मेल्या, जिवंत आहे मी!"

"सगळे असंच म्हणतात, काका," धर्माने पाय उचलत धीर दिला.

त्याला रिक्षात कोंबलं. गोंधळात यशोदाला बादलीतलं घड्याळ दिसलं. "हे राहिलं की!" म्हणून तिने ते नवऱ्याच्या हातात बांधलं आणि स्वतः शेजारी चढली. मग लागला तुमचा रस्ता.

पहिल्या खड्ड्याला गंगारामचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला यशोदा त्याच्या मांडीवर आली. तिसऱ्याला घड्याळ किंचाळलं. "ठोका वाढला! धर्मा, फास्ट घे!" मितेश ओरडला. धर्माने फास्ट घेतली, तसे धक्के वाढले. धक्के वाढले तसं घड्याळ जोरात किंचाळलं. ते किंचाळलं तसा मितेश. गंगाराम डोळे घट्ट मिटून यशोदाचा हात धरून बसला. पोटात गोळा आला होता, पण त्याबरोबर दिसायला हवी होती ती चंदेरी बाग काही दिसेना.

सालोमीबाईंनी छातीला तारा लावून तपासलं. सगळं ठीक. मग मोबाईल पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "आठवडाभर संत, सकाळी हृदय बंद, आणि लगेच घोडदौड? काका, घड्याळ कुणाच्या हातात होतं?"

"माझ्याच की. नसलं तर केळ्याला."

"कशाला?"

"चीक लागतो ना."

बाईंनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "म्हणजे जायची परवानगी मी केळ्याला दिली."

"म्हणजे भांडताना ह्यांचं धडधडत होतं?" यशोदाने एकदम विचारलं.

"धडधडत होतं गो. लाज वाटली सांगायला."

यशोदाचा चेहरा असा उजळला की सालोमीबाईंनाही हसू आवरेना. मग त्यांनी घड्याळ नीट पुसून गंगारामच्या हातात बांधलं. त्याला बसवलं, चालवलं, जिना चढवला, यशोदाकडून बोलणी खायला लावली. ठोका वाढायचा आणि शहाण्यासारखा खाली यायचा. घड्याळ एकदाही किंचाळलं नाही. बाईंनी निकाल दिला: "पाळणा चालेल. रस्ता चालणार नाही. रस्ता नीट होईपर्यंत रिक्षा, गाडी, काही नको. घरी चालत जा."

धर्माची रिक्षा रिकामी परतली. गंगाराम आणि यशोदा वाटेतल्या गास गावच्या वाड्यांमधून, बांधाबांधाने, सावली बघत, थांबत थांबत निघाले. विहिरींत आभाळ होतं. केळीची पानं चंदेरी होत होती.

"निर्मळची जत्रा पायी गाठता येते," यशोदा मध्येच म्हणाली. "पाळणा तिथेही असतो. छोटा."

"बसशील माझ्याबरोबर?"

"आणि खाली सुकेळी कोण खाणार?" ती म्हणाली. पण हात सोडला नाही.

ते बसतील निर्मळला. तो त्यांचा प्रश्न, त्यांनी सोडवला. पण तो मोठा, ढगात जाणारा पाळणा तिकडे अजून फिरतोय, आणि माणूस इकडे वटारला बसलाय. जीव धोक्यात येईल तिथे पार्कवाले निदान पाटी तरी लावतात: छाती नाजूक असेल तर बसू नका. तुमच्या रस्त्यावर पाटी एकच, तुमच्या नावाची. त्या फलकावरून हात जोडून हसताय ना? खाली उतरा, धर्माच्या रिक्षात बसा, घड्याळ हातात बांधा, आणि सांगा: गंगारामने त्या पाळण्यापर्यंत जायचं कसं?